पथ्य आणि पुरावा : घरगुती साखर-तपासणीचा इतिहास

मधुमेहावर उपचार म्हणून पथ्य सांगण्याची परंपरा दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी आहे. परंतु सांगितलेले पथ्य लागू पडते आहे की नाही, हे रोग्याने आपल्याच घरी, त्याच दिवशी पडताळून पाहण्याची सोय मात्र जेमतेम दीडशे वर्षांपूर्वीची आहे, आणि रक्तातील साखरेच्या बाबतीत तर ती १९७०च्या दशकापर्यंत जवळजवळ कोणालाच उपलब्ध नव्हती. या दोन गोष्टींमधले अंतर ध्यानात घेतले नाही, तर मधुमेहाचा इतिहास केवळ औषधांच्या शोधांचा इतिहास वाटू लागतो आणि त्यात १९२१-२२ सालचे इन्सुलिन एवढी जागा व्यापते, की त्याच्या आधी आणि नंतर परीक्षानळी, रंगांचा तक्ता आणि वही घेऊन बसलेला रोगी दिसेनासाच होतो. वास्तविक पाहता या रोगाच्या इतिहासातील एक मोठे स्थित्यंतर त्या रोग्याच्या हातून घडले आहे, कारण मोजमाप त्याच्या हाती आले तेव्हाच पथ्य हे पाळायच्या आज्ञेऐवजी तपासून पाहण्याजोगे विधान झाले.

आयुर्वेदाच्या संहितांमध्ये मूत्रविकारांचा एक मोठा वर्ग ‘प्रमेह’ या नावाने येतो. त्याचे वीस प्रकार मानलेले असून मधुमेह हा त्यांपैकी एक होय. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, ही चरकसंहितेतील खूण सर्वपरिचित आहे. पथ्याच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याहून महत्त्वाची आहे ती रोग्यांची विभागणी. चरकसंहिता स्थूल व बलवान रोगी आणि कृश व दुर्बल रोगी असा भेद करून पहिल्याला शोधन, म्हणजे साठलेले दोष बाहेर काढणारे उपचार, आणि दुसऱ्याला बृंहण, म्हणजे शरीराची झीज भरून काढणारे पोषण, सांगते; सुश्रुतसंहिता जन्मजात प्रमेह आणि अपथ्यामुळे उद्भवलेला प्रमेह असे दोन भाग पाडते. आहारात जवाला मुख्य स्थान दिलेले आहे, आणि निर्धन रोग्याने छत्री-पादत्राणांवाचून दूरवर पायी चालावे किंवा विहीर खणावी, असा श्रमाचा उपायही सुश्रुताने सांगितला आहे. याच ग्रंथात रोगी बरा झाल्याची कसोटीही आढळते : मूत्र बुळबुळीत व गढूळ न राहता स्वच्छ झाले आणि त्याची चव कडू-तिखट झाली, की आरोग्य आले असे समजावे. म्हणजे पथ्याचा परिणाम एखाद्या बाह्य खुणेवरून पारखावा ही कल्पना येथे स्पष्ट आहे. उणीव होती ती मोजमापाची. गोडवा आहे किंवा नाही एवढेच या खुणांवरून कळे. तो किती, आणि कालच्या कोणत्या जेवणाने वाढला, हे कळण्याचा मार्ग नव्हता.

युरोपात लंडनचे वैद्य टॉमस विलिस यांनी १६७४च्या सुमारास मधुमेह्याचे मूत्र मधासारखे गोड असल्याचे नोंदवले, आणि लिव्हरपूलचे मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ साली ते आटवून मागे उरणारा साका साखरेसारखाच दिसतो व लागतो हे दाखवले. रक्तातील पातळ द्रवालाही गोडसर चव असल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. या माहितीचा पथ्यासाठी पहिला पद्धतशीर उपयोग ब्रिटिश तोफखान्याचे शल्यवैद्य जॉन रोलो यांनी केला. कॅप्टन मेरेडिथ या स्थूल लष्करी अधिकाऱ्याला त्यांनी धान्य व भाज्या जवळजवळ वर्ज्य करून मांस, चरबी आणि दूध यांवर ठेवले, आणि रसायनज्ञ विल्यम क्रुकशँक यांच्या साहाय्याने त्याच्या मूत्रातील साखर घटत गेल्याचे तपासले. १७९७ साली प्रसिद्ध झालेल्या या वृत्तान्तापासून अन्नातील पिष्टमय पदार्थ आणि मूत्रातील साखर यांचा संबंध युरोपीय वैद्यकात रुजला. पण तपासणी वैद्याच्या आणि रसायनज्ञाच्या हाती होती. रोग्याने फक्त आज्ञा पाळायची होती, आणि रोलो यांनी सांगितलेल्या शिळ्या, खवट मांसावर महिनोन्‌महिने राहणे अनेकांना अशक्य झाले, यात आश्चर्य नाही.

घरगुती तपासणीच्या इतिहासाचा खरा आरंभ करावा लागतो तो पॅरिसच्या आपोलिनेर बुशार्दा यांच्यापासून. १८०६ ते १८८६ असा जीवनकाळ लाभलेले बुशार्दा मूळचे औषधनिर्माते. ‘ओतेल-द्यू’ या पॅरिसच्या जुन्या रुग्णालयात त्यांनी प्रमुख औषधनिर्माता म्हणून काम केले आणि पुढे वैद्यकीय विद्याशाखेत ते आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. मधुमेह्याच्या मूत्रातील साखर ही द्राक्षशर्करा, म्हणजे आजच्या भाषेत ग्लुकोज, आहे हे फ्रेंच रसायनज्ञ शेव्रल यांनी १८१५ सालीच सिद्ध केले होते, आणि ती ओळखण्याच्या सोप्या रासायनिक कसोट्याही त्यानंतर उपलब्ध होऊ लागल्या होत्या. औषधनिर्मात्याच्या हाताला अशा कसोट्यांची सवय असते. बुशार्दांनी त्या रोग्यांना शिकवल्या आणि रोज आपले मूत्र तपासण्यास सांगितले. पाव आणि बटाटा बंद करून त्यांनी ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातील पिष्ट धुऊन काढल्यावर उरणाऱ्या चिवट प्रथिनाचा, पाव तयार करवला. हिरव्या भाज्या उकळून पाणी फेकून देऊन खाण्यास सुचवले. कमी खाणे, अधूनमधून उपवास आणि घाम येईपर्यंत अंगमेहनत यांवर भर दिला. १८७०-७१च्या हिवाळ्यात प्रशियन सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि शहरात अन्नाची टंचाई झाली, तेव्हा आपल्या काही रोग्यांच्या मूत्रातील साखर नाहीशी झाल्याचे त्यांनी पाहिले. ते पाहणे शक्य झाले ते तपासणीची शिस्त आधीपासून होती म्हणून. एरवी भुकेच्या त्या हिवाळ्यात रोगी कृश झाले, एवढीच नोंद उरली असती.

बुशार्दांच्या पद्धतीचे वेगळेपण त्यांच्या समकालीनांशी तुलना केल्यावर अधिक ठळक होते. नेपल्सचे आर्नाल्दो कान्तानी हेही कडक आहाराचे पुरस्कर्ते होते. परंतु रोगी चोरून खातात हे ध्यानात आल्यावर त्यांनी रोग्यांना खोलीत कुलूपबंद ठेवण्याचा मार्ग पत्करला. दोघांसमोरचा प्रश्न एकच होता, की वैद्याच्या नजरेआड रोगी काय खातो हे कसे कळावे. एकाने त्यावर कुलूप हा उपाय योजला, दुसऱ्याने परीक्षानळी रोग्याच्याच हाती दिली. पुढील दीडशे वर्षांत मधुमेहाच्या उपचारात या दोन वृत्तींचा झगडा निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा दिसतो, आणि प्रत्येक नवे साधन त्यांपैकी कोणत्या वृत्तीच्या हाती पडले यावर त्याचा गुणदोष ठरलेला आहे.

साधनांच्या बाजूने पाहता तांब्याच्या क्षारांची कसोटी निर्णायक ठरली. निळ्या मोरचुदाच्या अल्कधर्मी द्रावणात ग्लुकोज मिसळून तापवले असता तांब्याचे क्षपण होते, म्हणजे ते इलेक्ट्रॉन स्वीकारून वेगळ्या रूपात जाते, आणि तांबूस रंगाचे ऑक्साइड खाली बसते, या तत्त्वावर ट्रॉमर यांनी १८४१ साली आणि स्टुटगार्टच्या फेलिंग यांनी १८४०च्या दशकाच्या अखेरीस आपापल्या कसोट्या रचल्या. फेलिंगचे मिश्रण टिकत नसल्यामुळे त्याचे दोन भाग वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवून ऐन वेळी एकत्र करावे लागत. ही अडचण अमेरिकेचे स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी १९०८ साली दूर केली : मोरचूद, धुण्याचा सोडा आणि सोडियम सायट्रेट यांचे त्यांचे द्रावण एकाच बाटलीत दीर्घकाळ टिके. पाच मिलिलिटर द्रावणात मूत्राचे आठ थेंब टाकून उकळले, की साखर नसल्यास निळा रंग कायम राही आणि ती वाढत जाईल तसा हिरवा, पिवळा, नारिंगी व अखेर विटकरी रंग दिसे. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांतून ही कसोटी परिचित आहेच. शिवाय ग्लुकोमीटर येण्यापूर्वीच्या काळात अनेक मधुमेही घरांत स्टोव्हवर किंवा स्पिरिटच्या दिव्यावर चिमट्यात धरलेली ही नळी उकळली जाई आणि तिचा रंग वहीत टिपला जाई.

पथ्याच्या काटेकोरपणाचा कळस आणि त्याची सर्वांत दुःखद बाजू या दोन्ही गोष्टी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील फ्रेडरिक ॲलन यांच्या कामात एकत्र दिसतात. १९१४पासून त्यांनी राबवलेल्या पद्धतीत रोग्याला मूत्र शर्करामुक्त होईपर्यंत उपवास घडवीत, मग पिष्टमय पदार्थ थोडेथोडे वाढवीत नेऊन मूत्रात साखर पुन्हा उमटली की त्या मर्यादेच्या खाली आहार कायमचा बांधून देत. या मर्यादेला सहनक्षमता असे म्हणत. इन्सुलिनची मुळीच निर्मिती न होणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा आहार उपासमारीच्या काठावरचा असे. त्याने आयुष्य काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लांबे, एवढेच. ॲलन यांच्या रोग्यांपैकी दृष्टी गेलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या मूत्रात, त्याला कोणतेही अन्न मिळत नसताना, साखर सापडू लागली आणि चौकशीअंती त्याने टूथपेस्ट व पाळलेल्या कॅनरी पक्ष्याचे दाणे खाल्ल्याचे निष्पन्न झाले. येथे तपासणी पहारेकऱ्याच्या हाती होती. कान्तानींचे कुलूप आता रासायनिक रूपात आले होते, आणि ज्याचे अन्न मोजले जात होते त्या मुलाला त्या मोजमापातून मिळवण्यासारखे काहीच नव्हते.

त्याच काळात बॉस्टनचे एलियट जॉस्लिन दुसरी वाट चोखाळीत होते. उपवासाची पद्धत त्यांनीही वापरली. परंतु १९१८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली मधुमेहाची मार्गदर्शिका डॉक्टर आणि रोगी या दोघांच्या परस्पर उपयोगासाठी असल्याचे तिच्या शीर्षकातच म्हटले होते. अन्न तराजूत तोलणे, त्यातील पिष्टमय पदार्थ मोजणे आणि मूत्र तपासणे हे रोग्याने शिकायचे विषय आहेत, अशी त्यांची भूमिका होती, आणि ते शिकवण्यासाठी त्यांनी परिचारिका तयार केल्या. इन्सुलिन आल्यावर ही शिकवण जुनी न ठरता अधिकच आवश्यक झाली, कारण आता अन्न, इंजेक्शन आणि श्रम या तिन्हींचा मेळ रोज घालायचा होता.

मूत्रपरीक्षा १९४०नंतर सोपी होत गेली. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या एल्कहार्ट गावातील एम्स कंपनीने १९४१ साली ‘क्लिनिटेस्ट’ ही गोळी आणली. ती पातळ केलेल्या मूत्रात टाकली की रासायनिक क्रियेनेच उकळी येई आणि दिव्याची गरज राहत नसे. १९५६ साली त्याच कंपनीतील आल्फ्रेड व हेलन फ्री यांच्या कामातून ‘क्लिनिस्टिक्स’ ही बुडवून पाहायची कागदी पट्टी तयार झाली. साधन कितीही सुटसुटीत झाले तरी मूत्रपरीक्षेची मूळ मर्यादा कायम होती. रक्तातील साखर डेसीलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंड ती मूत्रात सोडत नाही, आणि ही उंबरठ्याची पातळी व्यक्तीगणिक व वयानुसार बदलते. शिवाय मूत्र कित्येक तासांचे साठलेले असते. त्यामुळे केवळ आहारावर असलेल्या सौम्य मधुमेह्याचे मूत्र दिवसभर स्वच्छ आढळे, आणि तरीही प्रत्येक जेवणानंतर त्याच्या रक्तात साखर चढलेली असे. ज्याला पथ्यातून सर्वांत जास्त मिळवता आले असते, नेमक्या त्याच रोग्याला ही तपासणी काहीच सांगत नव्हती.

रक्ताच्या थेंबासाठीची ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ ही पट्टी १९६०च्या दशकाच्या मध्यावर आली. मोठा थेंब पट्टीवर ठेवायचा, एक मिनिटाने पाण्याने धुवायचा आणि उमटलेला निळा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा, अशी ती रीत होती. डोळ्यांच्या अंदाजावरचे हे अवलंबन टाळण्यासाठी एम्स कंपनीच्या ॲन्टन क्लेमेन्स यांनी पट्टीवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजणारे यंत्र बनवले. सुमारे सव्वा किलो वजनाचे ते महागडे यंत्र दवाखाने व रुग्णालये यांच्यासाठी होते. ते रोग्याच्या घरी असावे, असे त्या वेळी कोणाच्या मनातही नव्हते.

ते घरी नेणाऱ्यांपैकी रिचर्ड बर्नस्टाइन यांची कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९३४ साली जन्मलेल्या बर्नस्टाइन यांना बाराव्या वर्षापासून मधुमेह होता आणि व्यवसायाने ते अभियंते होते. चरबी कमी, पिष्टमय पदार्थ भरपूर असा त्या काळचा प्रमाणित आहार घेत असताना तिशीतच त्यांना रोगाच्या गुंतागुंतींनी ग्रासले. १९६९ साली या यंत्राची माहिती त्यांच्या वाचनात आली. ते फक्त डॉक्टरांनाच विकले जात असल्यामुळे डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावे त्यांनी ते मिळवले आणि दिवसातून अनेक वेळा रक्त तपासून कोणत्या अन्नाने व किती इन्सुलिनने आकडा किती हलतो याची नोंद सुरू केली. साखरेच्या चढउतारामागे पिष्टमय पदार्थांचे प्रमाण हे मुख्य कारण आहे असा निष्कर्ष काढून त्यांनी ते फार कमी केले, आणि त्यांच्या इन्सुलिनची गरजही घटली. वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचे लेखन परत केले. तेव्हा अभियांत्रिकी सोडून वयाच्या पंचेचाळिशीत त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला, डॉक्टर झाले आणि २०२५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. त्यांच्या अतिशय अल्प पिष्टमय आहाराविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु रोग्याच्या घरातील आकडेवारी हा पुरावा आहे, हे त्यांनी मान्य करायला लावले. १९७८ साली लंडन व नॉटिंगहॅम येथील दोन गटांनी ‘द लॅन्सेट’मध्ये सामान्य रोगी घरी रक्त तपासू शकतात असे दाखवले. त्यानंतर यंत्रे झपाट्याने लहान होत गेली, आणि १९८७ साली पेनाच्या आकाराचा, विद्युतरासायनिक पद्धतीने चालणारा मीटर बाजारात आला.

बोटाच्या थेंबाने आहारशास्त्राचीही एक समजूत मोडली. साखर लवकर चढते व पिष्ट सावकाश, हे गृहीत धरून आहाराचे तक्ते बनवले जात. टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली बासष्ट पदार्थ स्वयंसेवकांना खायला देऊन त्यांच्या बोटांतील रक्त ठरावीक अंतराने तपासले आणि प्रत्येक पदार्थ रक्तातील साखर किती चढवतो याचा निर्देशांक ठरवला. बटाट्यासारखा ‘संथ’ समजला जाणारा पदार्थ झपाट्याने साखर चढवतो आणि डाळी-कडधान्ये सर्वांत सौम्य असतात, हे त्यातून पुढे आले. मराठी जेवणाला मात्र असे तक्ते अपुरे पडतात, कारण भाकरी कोणत्या पिठाची, तिच्यासोबत पिठले आहे की नुसता ठेचा, भातावर वरण किती आणि तूप किती, यावर परिणाम बदलतो. अशा ताटाचा निर्देशांक पुस्तकात शोधण्यापेक्षा जेवणापूर्वी आणि दोन तासांनी बोट टोचून त्यांतील फरक पाहणे अधिक विश्वसनीय आहे. वजनकाटाही येथे दिशाभूल करू शकतो : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बालके पाश्चात्त्य बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीयाला मधुमेह होतो, त्यामागे ही शरीररचना असल्याचे त्यांचे प्रतिपादन आहे.

घरगुती तपासणीला सर्वांत भक्कम आधार १९९३ साली मिळाला. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रोग्यांवर दहा वर्षे चाललेल्या अमेरिका व कॅनडातील अभ्यासात, दिवसातून किमान चार वेळा रक्त तपासून इन्सुलिन बेतणाऱ्या गटात डोळ्यांचा विकार नव्याने उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पण हे रोगी इन्सुलिनवरचे होते. केवळ आहारावर किंवा गोळ्यांवर असलेल्यांच्या बाबतीत निकाल निराशाजनक लागला : ऑक्सफर्डच्या नेतृत्वाखाली ४५३ रोग्यांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरी रक्त तपासणाऱ्यांच्या एचबीए१सीमध्ये, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीत, लक्षणीय सुधारणा आढळली नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत अशा रोग्यांना सरसकट पट्ट्या देऊ नयेत असे सांगितले.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना घाई होते. आकडा पाहिल्याने साखर उतरत नाही, हे खरे. ती उतरते आकडा पाहून ताटात काही बदलल्याने. अमेरिकेत अशाच ४८३ रोग्यांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोग्यांना दर तपासणी-भेटीपूर्वी सलग तीन दिवस, प्रत्येक जेवणाआधी व नंतर आणि झोपताना, अशा दिवसातून सात नोंदी तक्त्यावर मांडण्यास शिकवले होते, आणि डॉक्टरांनाही तो तक्ता वाचायला शिकवले होते. तेथे एचबीए१सी असा तक्ता न ठेवणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा अधिक घटले. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१५ साली आठशे लोकांच्या कातडीखाली सतत साखर मोजणारे संवेदक बसवून केलेल्या अभ्यासात तर एकच पदार्थ दोन माणसांच्या रक्तात अगदी वेगवेगळी साखर चढवतो असे दिसले. मधुमेह्यांची संख्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १०.१ कोटी असलेल्या भारतात बहुतेक घरांत पट्ट्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून होतो, आणि म्हणून वर्षभर रोज सकाळी उपाशीपोटीची एकच नोंद करीत राहण्यापेक्षा तीन दिवसांच्या सात-सात नोंदींसाठी, म्हणजे एकवीस पट्ट्यांसाठी, पैसे राखून ठेवणे आणि त्या तक्त्यावर जेवणातला प्रत्येक पदार्थ लिहिणे हे आहारावर असलेल्या रोग्याच्या अधिक उपयोगाचे आहे. प्रयोगशाळेतून मिळणाऱ्या उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या दोन आकड्यांवरून सकाळच्या पोह्यांनी किंवा रात्रीच्या भाताने नेमके काय केले, हे त्याला कळू शकत नाही.